गुण कशाने आला?
अर्धशिशीच्या उपचारांची दोन हजार वर्षे

तिसऱ्या तासाला एखादी मुलगी बाकावर डोके टेकून बसते. फळ्याकडे पाहवत नाही, खिडकीतला उजेड सोसत नाही, वर्गातला गलका कानांत टोचतो. थोड्या वेळाने तिला मळमळू लागते आणि आपण तिला घरी पाठवतो. घरी आजी कपाळाला सुंठेचा लेप लावून फडके करकचून बांधते, आई खोलीत अंधार करते. मुलगी झोपते आणि संध्याकाळी उठते तेव्हा डोके उतरलेले असते. आजी म्हणते, सुंठेने गुण आला. पुढच्या खेपेस वेदनाशामक गोळी दिली जाते, तिनेही गुण येतो. त्यापुढच्या खेपेस साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या, मग कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाकडून टोचून घेतलेल्या सुया. प्रत्येकाने गुण येतो आणि महिन्याभराने दुखणे पुन्हा दारात उभे राहते.

मग गुण नेमका कशाने आला? प्रश्न साधा आहे. पण त्याचे भरवशाचे उत्तर देण्याची रीत सापडायला माणसाला फार काळ लागला. अर्धशिशीच्या उपचारांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ही रीत सापडण्याचा इतिहास आहे.

येणारे आणि जाणारे दुखणे

अर्धशिशी हे नावच लक्षण सांगते: अर्धे शीर्ष दुखणे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने या दुखण्याला 'हेमिक्रानिया', म्हणजे अर्धी कवटी, असे म्हटले. त्याच शब्दाची झीज होऊन फ्रेंच भाषेत 'मिग्रेन' झाले आणि तेथून आजचे मायग्रेन आले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांच्या यादीत 'अर्धावभेदक' आहे. तेथे एक बारीक निरीक्षण नोंदलेले आहे. हे दुखणे पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा एकाएकी उद्भवते, असे संहिता सांगते.

अधूनमधून येणे आणि आपले आपण जाणे, हाच या विकाराचा स्वभाव आहे. उपचार केला नाही तरी मोठ्या माणसाचा झटका साधारणपणे ४ ते ७२ तासांत ओसरतो. मुलांमध्ये तो याहूनही लवकर संपू शकतो. जगात १०० कोटींहून अधिक लोकांना हा विकार आहे आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कर्नाटकातील एका पाहणीत वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेले लोक सुमारे २५ टक्के निघाले. म्हणजे साठ जणांच्या गावबैठकीत पंधरा जण!

आपोआप जाणाऱ्या दुखण्यावर शेवटी केलेला उपचार यशाचा धनी होतो. शिवाय माणूस नवा उपचार शोधायला निघतो तो सर्वांत वाईट दिवसांत. वाईट दिवसांनंतर बहुधा बरे दिवसच येतात. ही गोष्ट वर्गात फाशांनी सहज दाखवता येते. साठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एकदा फासा टाकायला सांगा. ज्यांना ५ किंवा ६ पडेल ते 'आजारी'. असे सुमारे वीस जण निघतील आणि त्यांची सरासरी साडेपाचच्या आसपास असेल. त्यांना चिमूटभर साखर 'औषध' म्हणून द्या आणि पुन्हा फासा टाकायला सांगा. वीसपैकी तेरा-चौदा जण 'बरे' झालेले दिसतील आणि सरासरी साडेतीनच्या जवळ येईल. साखरेने फाशावर काहीच परिणाम केलेला नसतो, तरी गुण आलेला दिसतो.

लेडी कॉनवे यांची डोकेदुखी

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ॲन कॉनवे (१६३१–१६७९) नावाची एक विदुषी होऊन गेली. तिच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथाची दखल पुढे लायब्निट्झसारख्या विचारवंताने घेतली. तिला बालपणापासून भयंकर डोकेदुखी होती. उमराव घराण्यातील असल्यामुळे तिला त्या काळचे उत्तमोत्तम वैद्य मिळाले. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वी त्यांत होता, मेंदूच्या रचनेचा अभ्यासक टॉमस विलिस होता. रक्त काढणे, स्नाने, पाऱ्याची औषधे असे सगळे करून झाले. १६५६ साली कवटीला भोक पाडून घेण्याच्या तयारीने ती पॅरिसला गेली. तेथे कवटी न उघडता तिच्या रक्तवाहिन्या उघडण्यात आल्या. डोके दुखायचे थांबले नाही.

मग १६६६ च्या आरंभी तिच्या पतीने आयर्लंडहून व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स याला बोलावून घेतले. हा पूर्वाश्रमीचा सैनिक. हात फिरवून रोग बरे करतो अशी त्याची ख्याती होती. कॉनवे यांच्या वाड्यावर तो काही आठवडे राहिला. आसपासच्या गावांतून माणसांची रीघ लागली आणि अनेकांनी आपण बरे झालो असे सांगितले. पुढे तो लंडनला गेला तेव्हा रॉबर्ट बॉईलसारख्या वैज्ञानिकानेही त्याचे काम जवळून पाहिले. पण ज्या एका रुग्णासाठी त्याला समुद्रापलीकडून आणले होते, त्या लेडी कॉनवेला कणभरही आराम पडला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वैद्य आणि हात फिरवणारा, दोघेही या रुग्णापुढे सारखेच हरले. वैद्यांचे उपचार तर अधिक वेदनादायक होते. पाऱ्याने अपाय होतो, हात फिरवल्याने होत नाही. त्या काळी पर्यायी उपचार आणि शास्त्रीय उपचार यांची तुलना केली असती, तर अपायाच्या बाबतीत ग्रेटरेक्सच उजवा ठरला असता. पण कोणता उपचार खरोखर लागू पडतो हे ठरवण्याचे साधन दोघांपैकी कोणाकडेच नव्हते. बरे झालेल्यांची नावे लिहिली जात. बरे न झालेल्यांची, आणि उपचाराविना बरे झालेल्यांची, गणती कोणी ठेवत नव्हते.

लाकडी कांड्या

हे साधन पुढल्या शतकात हळूहळू घडले. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने मेस्मर याच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लॅव्हाझिए होते. त्यांनी रुग्णांचे डोळे बांधले. चुंबकत्व दिले जात आहे असे रुग्णाला वाटले की परिणाम होई. न सांगता दिले तर काहीच होत नसे.

त्यानंतर अमेरिकेत एलिशा पर्किन्स याने धातूच्या दोन अणकुचीदार कांड्यांचे १७९६ साली पेटंट घेतले. दुखऱ्या भागावरून त्या ओढल्या की वेदना निघून जाते असा त्याचा दावा होता. त्या अटलांटिक ओलांडून इंग्लंडमध्येही खपू लागल्या. बाथ शहरातील डॉक्टर जॉन हेगार्थ याने १७९९ च्या जानेवारीत एक युक्ती केली. त्याने लाकडाच्या कांड्या बनवून धातूसारख्या रंगवल्या आणि जुनाट संधिवाताच्या पाच रुग्णांवर त्या वापरल्या. पाचांपैकी चौघांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी खऱ्या कांड्या वापरल्या, तेव्हाही तसाच परिणाम झाला.

हेगार्थने रुग्णांना खोटे ठरवले नाही. त्यांना आराम पडला हे त्याने मान्य केले आणि तो कांडीतील धातूमुळे पडला नाही, एवढेच दाखवले. या दोन विधानांतला फरक फार मोलाचा आहे. उपचारांविषयीचे बहुतेक वाद हा फरक न केल्यामुळेच होतात.

बुरशीपासून गोळीपर्यंत

एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांनी अर्धशिशीचा बारकाईने अभ्यास सुरू केला. १८७३ साली एडवर्ड लिव्हिंग याने या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला आणि झटका म्हणजे मज्जासंस्थेतील वादळ आहे अशी कल्पना मांडली. उपचार मात्र एका बुरशीतून आला.

राय नावाच्या धान्याच्या कणसावर अर्गट ही बुरशी वाढते. मध्ययुगीन युरोपात अशा धान्याची भाकरी खाऊन गावेच्या गावे आजारी पडत. हातपायांची आग होई आणि ते सडून गळून पडत. याच बुरशीचा उपयोग सुइणी प्रसूतीच्या वेळी करत. १८०८ साली न्यूयॉर्क राज्यातील जॉन स्टर्न्स या डॉक्टराने त्याविषयी लिहिल्यावर डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले. शतकाच्या उत्तरार्धात काही डॉक्टर डोकेदुखीसाठी अर्गटचा अर्क देऊ लागले. १९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आर्थर स्टोल याने अर्गटमधून अर्गोटामिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले आणि १९२५ च्या सुमारास ते अर्धशिशीवर वापरले जाऊ लागले.

म्हणजे सुइणींच्या बटव्यातली वस्तू डॉक्टरांच्या कपाटात आली. ॲस्पिरिनची कुळकथाही विलोच्या सालीपर्यंत मागे जाते. 'वनस्पती' आणि 'औषध' ही दोन शत्रुराष्ट्रे नव्हेत. वनस्पतीतील द्रव्य शुद्ध करून, मोजून, तपासून घेतले की आपण त्याला औषध म्हणतो.

१९३८ साली अमेरिकेत जॉन ग्रॅहम आणि हॅरोल्ड वुल्फ यांनी दाखवले की, अर्गोटामिन दिल्यावर कानशिलाजवळच्या रोहिणीची थडथड कमी होते आणि त्याबरोबर दुखणेही कमी होते. यावरून डोक्यातील रक्तवाहिन्या फुगल्यामुळे अर्धशिशी होते हा सिद्धान्त रूढ झाला. कित्येक दशके तो पाठ्यपुस्तकांत होता. २०१३ साली कोपनहेगनमधील संशोधकांनी झटका चालू असतानाच रुग्णांच्या रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली. कवटीबाहेरच्या रोहिण्या रुंदावलेल्या दिसल्याच नाहीत. सिद्धान्त ढासळला तरी औषध मात्र काम करतच होते. उपचार लागू पडतो का आणि तो कसा लागू पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधुनिक औषधाचे स्पष्टीकरण चुकले म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. एखाद्या प्राचीन उपचाराचे स्पष्टीकरण पटण्याजोगे नाही, एवढ्यावरून तो उपचारही बाद होत नाही. दोघांचीही परीक्षाच घ्यावी लागते.

१९९ जणांची परीक्षा

अशी एक नमुनेदार परीक्षा १९४६ साली एल्विन जेलिनेक याने प्रसिद्ध केली. डोकेदुखीवरच्या एका गोळीत तीन घटक होते. त्यांतील एक मिळेनासा होण्याची भीती होती. तो वगळला तर चालेल का, असा अगदी व्यवहारी प्रश्न होता. जेलिनेकने डोकेदुखीचा वारंवार त्रास असलेल्या १९९ जणांना चार प्रकारच्या गोळ्या पाळीपाळीने दोन-दोन आठवडे दिल्या. पहिलीत तिन्ही घटक होते, दुसरीत आणि तिसरीत प्रत्येकी एक घटक कमी होता. चौथी गोळी दिसायला तशीच, पण तीत औषध नव्हतेच. अशा खोट्या औषधाला प्लासिबो म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ आहे 'मी खूश करीन'.

पहिल्या गोळीने ८४ टक्के वेळा आराम पडला, दुसऱ्या-तिसऱ्या गोळीने ८० टक्के आणि खोट्या गोळीने ५२ टक्के! एवढ्यावर थांबले असते तर तिन्ही खऱ्या गोळ्या सारख्याच वाटल्या असत्या. पण खोट्या गोळीने ज्यांना एकदाही आराम पडला नाही, अशा ७९ जणांचा जेलिनेकने वेगळा हिशेब केला. त्यांच्यात पहिल्या गोळीला ८८ टक्के, दुसरीला ६७ आणि तिसरीला ७७ टक्के यश मिळाले. खोट्या गोळीच्या धुक्यामागे खऱ्या औषधांतला फरक लपला होता.

यानंतर चाचण्यांची शिस्त पक्की झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोपवून रुग्णांचे गट पाडायचे, एका गटाला खरा उपचार आणि दुसऱ्याला हुबेहूब खोटा उपचार द्यायचा, आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू द्यायचे नाही. पर्यायी उपचार आणि औषधे या दोघांना एकच मोजपट्टी लावणे आता शक्य झाले.

पानांची परीक्षा

फीवरफ्यू ही शेवंतीच्या कुळातील, पांढऱ्या पाकळ्यांची छोटी फुले येणारी युरोपीय वनस्पती आहे. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील अनेक अर्धशिशीग्रस्त तिची पाने रोज चावून खाऊ लागले आणि गुण आल्याचे सांगू लागले. १९८५ साली लंडनमध्ये अशा १७ जणांची चाचणी झाली. आठ जणांना पानांची भुकटी भरलेल्या कॅप्सूल दिल्या, नऊ जणांना खोट्या. खोट्या कॅप्सूल घेणाऱ्यांचे झटके वाढले. निकाल पानांच्या बाजूचा होता, पण हे सतराही जण आधीच या पानांवर समाधानी असलेले होते. ज्यांना गुण आला नाही त्यांनी पाने केव्हाच सोडली असणार. शिवाय रोजची पाने एकाएकी बंद केल्यानेही त्रास वाढू शकतो. १९८८ साली नॉटिंगहॅम येथे ७२ जणांवर अधिक चांगली चाचणी झाली आणि तीतही झटके कमी झाले. १९९६ मध्ये नेदरलँड्समधील ५० जणांच्या चाचणीत काहीच फरक आढळला नाही. पुढे सर्व चाचण्यांचा एकत्र विचार केल्यावर, २१८ जणांच्या एका मोठ्या चाचणीच्या आधारे एवढेच म्हणता आले की, या पानांचा अर्क खोट्या औषधापेक्षा महिन्याला सरासरी ०.६ झटका कमी करतो. परिणाम आहे, पण लहान.

बटरबर या दुसऱ्या वनस्पतीची कथा सावध करणारी आहे. २००४ साली २४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तिच्या मुळांच्या अर्काने झटके ४८ टक्क्यांनी कमी झाले, तर खोट्या औषधाने २६ टक्क्यांनी. २०१२ मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने तिची शिफारस केली. पण या वनस्पतीत यकृताला घातक अशी द्रव्ये असतात. यकृत बिघडल्याच्या नोंदी पुढे आल्या आणि २०१५ साली अकादमीने ती शिफारस मागे घेतली. 'झाडपाला आहे, अपाय कसला?' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अपाय करण्याची शक्ती द्रव्यात असते. ते झाडातून आले की कारखान्यातून, याने काही फरक पडत नाही.

होमिओपॅथीचे काय? १९९१ साली इटलीतील ६० रुग्णांच्या चाचणीत मोठे यश मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. १९९७ साली लंडनमध्ये ६३ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली, तेव्हा होमिओपॅथीच्या गटात झटके १९ टक्क्यांनी आणि खोट्या गोळ्यांच्या गटात १६ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच.

सुयांचा पेच

सर्वांत विचार करायला लावणारे निकाल ॲक्युपंक्चरचे आहेत. जर्मनीत २००५ साली ३०२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला चिनी शास्त्रात सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला ते बिंदू टाळून, वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला फक्त वाट पाहायला सांगितले. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात ५१ टक्के, दुसऱ्यात ५३ टक्के आणि तिसऱ्यात १५ टक्के होते!

पुढल्याच वर्षी जर्मनीतीलच ९६० रुग्णांच्या चाचणीत ॲक्युपंक्चरची तुलना थेट नेहमीच्या प्रतिबंधक औषधांशी केली गेली. दिवस निम्म्यावर आलेल्यांचे प्रमाण असे होते: खऱ्या सुया ४७ टक्के, खोट्या सुया ३९ टक्के आणि औषधे ४० टक्के. विशेष म्हणजे आपल्या वाट्याला औषधे आली हे कळताच त्या गटातील शंभराहून अधिक जण चाचणी सोडून गेले. ते सुयांच्या आशेने आले होते. २०१६ साली २२ चाचण्यांमधील ४,९८५ रुग्णांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला, त्यात खऱ्या सुयांना ५० टक्के आणि खोट्या सुयांना ४१ टक्के यश दिसले.

या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? विरोधक म्हणतील, सुई कोठे टोचली याने फारसा फरक पडत नाही, तेव्हा बिंदूंचे शास्त्र निराधार आहे. समर्थक म्हणतील, रुग्णाला औषधांइतकाच आराम मिळाला आणि दुष्परिणाम कमी झाले, याहून आणखी काय हवे? आकड्यांपुरते दोघांचेही म्हणणे खरे आहे. सुयांनी गुण येतो. पण त्या गुणाचा मोठा भाग अपेक्षा, उपचार करणाऱ्याचा सहवास, नियमित विश्रांती आणि दुखण्याचा आपोआप होणारा उतार यांतून येतो. हेगार्थच्या लाकडी कांड्यांनी जे सांगितले, तेच दोनशे वर्षांनी सुयांनी सांगितले.

मोजपट्टी औषधांनाही

हीच मोजपट्टी आधुनिक औषधांना लावली तर काय दिसते? १९९१ साली सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीसाठी घडवलेले औषध बाजारात आले. १०० मिलिग्रॅमच्या गोळीने दोन तासांत दुखणे पूर्ण थांबणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के आहे, खोट्या गोळीने ११ टक्के. हेच औषध त्वचेखाली टोचले तर ५९ टक्के. साध्या ॲस्पिरिनच्या १००० मिलिग्रॅम मात्रेनेही २४ टक्के प्रौढांचे दुखणे थांबते. (मुलांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना ॲस्पिरिन कधीही देऊ नये.) म्हणजे चढलेला झटका उतरवण्याच्या कामात गोळ्यांची बाजू भक्कम आहे. फीवरफ्यू, सुया किंवा योग यांच्या वरील चाचण्या झटके कमी येण्याविषयी आहेत, आलेला झटका दोन तासांत थांबवण्याविषयी नाहीत. तुलना करताना ही दोन कामे वेगळी ठेवली पाहिजेत.

१९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी झटक्याच्या वेळी रुग्णांच्या मानेतील शिरेचे रक्त तपासले. त्यात सीजीआरपी नावाचे, मज्जातंतूंतून स्रवणारे द्रव्य वाढलेले आढळले. या द्रव्याचे काम अडवणारे पहिले प्रतिपिंड-औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. महिन्याला एक इंजेक्शन. चाचणीत मोठ्या मात्रेने ५० टक्के रुग्णांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले, आणि खोट्या इंजेक्शननेही सुमारे २७ टक्क्यांचे आले.

शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा निकाल २०१७ सालचा आहे. अमेरिकेत ८ ते १७ वर्षे वयाच्या ३६१ मुलांवर अर्धशिशीची दोन प्रचलित प्रतिबंधक औषधे आणि खोटे औषध यांची तुलना झाली. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेल्या मुलांचे प्रमाण एका औषधाने ५२ टक्के, दुसऱ्याने ५५ टक्के आणि खोट्या औषधाने ६१ टक्के होते. पुढे जाण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवण्यात आली. औषधांच्या गटांत दुष्परिणाम मात्र अधिक होते. डॉक्टर वर्षानुवर्षे विश्वासाने देत असलेली औषधे मुलांच्या बाबतीत साखरेपेक्षा सरस ठरली नाहीत. आणि हे डॉक्टरांनीच, आपल्याच औषधांची परीक्षा घेऊन, जाहीर केले.

गोळ्यांचा आणखी एक दोष आहे. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके, किंवा दहा किंवा अधिक दिवस ट्रिप्टान वा अर्गोटामिन, अशा गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्याच रोजच्या डोकेदुखीचे कारण बनू शकतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळी आणणारे अनेक जण या चक्रात नकळत अडकतात.

आपल्या देशातील एक चाचणी

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत योगाची चाचणी झाली आणि ती २०२० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला केवळ औषधे, दुसऱ्याला औषधे आणि शिवाय योग. तीन महिन्यांनंतर ११४ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. योगाच्या गटात महिन्याचे झटके ९.१ वरून ४.७ वर आले. औषधांच्या गटात ते ७.७ वरून ६.८ वर आले. योग करणाऱ्यांच्या गोळ्याही बऱ्याच कमी झाल्या.

आता वरील इतिहास वाचलेला वाचक लगेच विचारील, खोटा योग कोठे होता? तो नव्हता. आपण योग करत आहोत हे रुग्णाला कळणारच. शिवाय या गटाला शिक्षकांचा सहवास अधिक मिळाला. तेव्हा गुण आसनांचा, श्वसनाचा, विश्रांतीचा की अपेक्षेचा, हे या चाचणीतून सुटे करता येत नाही. पण योग स्वस्त आहे आणि नीट शिकून केला तर अपाय क्वचितच होतो. एवढी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट की, येथे योग औषधांच्या जागी नव्हता, औषधांच्या सोबत होता.

मुलीला काय सांगावे?

बॉस्टन येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६६ रुग्णांच्या ४५९ झटक्यांचा अभ्यास झाला. पाकिटांवर कधी औषधाचे नाव, कधी 'खोटे औषध' अशी चिठ्ठी, आणि आत काय हे चिठ्ठीवरून ठरत नव्हते. 'खोटे' असे लिहिलेल्या पाकिटातले खरे औषध, आणि खरे नाव लिहिलेल्या पाकिटातले खोटे औषध, यांचा परिणाम जवळजवळ सारखाच झाला. तरीही कोणतीही एकच चिठ्ठी धरून पाहिले तर खरे औषध खोट्यापेक्षा सरस होते. गोळीतले रसायन आणि मनातली अपेक्षा, दोन्ही कामाला लागतात.

म्हणून बाकावर डोके टेकलेल्या मुलीला 'हे तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे कोणी म्हणू नये. तिचे दुखणे खरे आहे, आणि खोट्या गोळीने थांबले तरी ते खरेच होते. आजीच्या सुंठेची चेष्टाही करू नये. अंधारी खोली, झोप आणि मायेचा हात यांनी तिला बरे वाटले असेल, तर ते मिळू द्यावे. मात्र एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, ताप आणि मान ताठणे, हातपाय लुळे पडणे किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही दिसले तर लेपही नको आणि योगही नको, तडक डॉक्टरांकडे न्यावे.

एरवी तिला एक वही करायला सांगावी. कोणत्या तारखेला दुखले, किती तास, आदल्या रात्री झोप किती झाली, जेवण चुकले का, काय उपचार केला आणि काहीच केले नाही तेव्हा काय झाले. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. लेडी कॉनवेच्या वैद्यांनी आणि ग्रेटरेक्सनेही नेमकी तीच ठेवली नव्हती.